तिसरा डबा

९ जुलै २००४, शुक्रवार

जेवणाचं टेबल गेलं! त्यावर आता इंजिन उताणं पडलंय, दहाच्या दहा चाकं काढून बशीत ठेवलेली. शुक्रवारचा मासा आम्ही मांडीवर ताट घेऊन खाल्ला.

दुकानातून आलेली तयार गाडी – एक इंजिन, दोन मरून डबे – परवा खोक्यातून काढून रुळावर ठेवली तर सुरेख पळाली होती. मला वाटलं, झालं काम. ह्यूबर्ट म्हणाला, हे अजून खेळणं आहे, गाडी व्हायची आहे. तयार गाडीची चाकं एकमेकांच्या फार जवळ असतात. कडा जाड. हाताने धरायचे दांडे प्लास्टिकचे, अंगालाच चिकटलेले. डबे जोडायचे हूक हत्तीच्या सोंडेएवढे. तर हे सगळं काढायचं, बारीक कडेची नवी चाकं घालायची, आणि ती दोन मिलिमीटर जास्त अंतरावर बसवायची, रूळही तेवढेच रुंद घालायचे. दोन मिलिमीटर! त्यासाठी माझं टेबल आठ आठवडे.

४ सप्टेंबरला पॅरिश हॉलमध्ये ह्यूबर्टच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या क्लबचं प्रदर्शन आहे. थॉर्नबेकचा रेल्वेफाटा बंद पडला त्याला चाळीस वर्षं होतात. ५ सप्टेंबर १९६४, संध्याकाळची शेवटची गाडी – होती तशी, हुबेहूब. ते काम ह्यूबर्टने मागून घेतलं. का, ते सगळ्यांना माहीत आहे. थॉर्नबेकची प्रत्येक गाडी ज्याने लहानपणापासून वहीत टिपली, त्याला नेमकी शेवटची चुकली. चोवीस वर्षांचा घोडा, गालगुंडं झालेली, प्रेस्टनला मावशीकडे अंथरुणात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, वर्षातून चारदा तरी मी ते ऐकते. आज मासा खाताना ऐकलं.

ऐकते आणि ताटं उचलते.

११ जुलै, रविवार

माझ्याकडे माणसं आली आहेत. सव्वीस प्रवासी, माझ्या करंगळीच्या पेराहून लहान, सगळे पांढरेफटक. ह्यूबर्टच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, म्हणून रंगवायचं काम माझं. कॉन्व्हेंट शाळेत मदर इग्नेशियांनी भरतकाम शिकवताना सांगितलं होतं, सुई कापडातून जाताना श्वास सोडायचा नाही. कुंचल्यालाही तेच लागू पडतं. संध्याकाळपर्यंत सात माणसं रंगली आणि माझी छाती दुखायला लागली.

हिरवा रंग उघडलाच नाही आज.

१४ जुलै, बुधवार

नॉर्मन थ्रेलफॉल येऊन गेला. जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले, आता क्लबचे पुरावे तपासतो. काळ्या कापडी बांधणीची त्याची वही आहे. फोटो नाही, कागद नाही, तर गोष्ट घडली नाही! साक्षीदार चालतो, पण त्याने वहीत लिहून द्यायचं – नाव, त्या वेळी नेमके कुठे होतात, कशासाठी होतात, काय पाहिलंत. आणि सही. फलाटावरची घड्याळं किती होती यावर म्हणे दोन वर्षं वाद चालला होता.

त्याने तीन फोटो मांडले. सगळे त्या दिवशी दुपारचे. इंजिन आणि मागे दोन डबे. शेवटच्या गाडीचा फोटो कुणाकडेच नाही, कारण उजेड संपला होता. पण दुपारी डबे दोन होते म्हणजे संध्याकाळीही दोनच, असं त्याचं म्हणणं. ह्यूबर्टने मान डोलावली. मी चहा ओतत होते. थ्रेलफॉलच्या बशीत ओतला. तो म्हणाला, “असू द्या मिसेस क्रॉस्टन, माझी आई बशीतूनच प्यायची.”

१५ जुलै

डबे तीन होते.

१९ जुलै, सोमवार

लिहूनच टाकते. या वहीला कुलूप नाही, पण ह्यूबर्टने आजवर माझ्या कशाला हात लावला नाही.

मी त्या गाडीत होते. एकोणीस वर्षांची. घरी सांगितलं होतं की कॉन्व्हेंटमध्ये तीन दिवसांच्या मौनाला बसतेय. आईने जपमाळ आठवणीने दिली. मी हिरवा कोट घातला होता आणि माझ्याबरोबर फिंटन होता. वरच्या धरणाच्या कामावर आलेला आयरिश मुलगा. त्याच्याकडे लिव्हरपूलहून मॉन्ट्रियलच्या बोटीची तिकिटं होती, दोन. निरोपाला एवढी माणसं लोटली की ऐन वेळी यार्डातून एक जुना डबा आणून मागे जोडला. जुन्या पद्धतीचा, आठ सुटे कप्पे, प्रत्येकाला स्वतःचं दार, आतून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही असा. पुढच्या दोन डब्यांत सगळं गाव गात होतं. मागच्याकडे कुणी फारसं आलं नाही. आम्ही चौथ्या कप्प्यात बसलो.

हेलम जंक्शनला उतरलो. तिथे गाडी बदलायची होती. मी बदलली नाही. माझ्या मनाने परत फिरले. दुसऱ्या दिवशी बसने घरी.

एवढंच. पुढच्या शनिवारी फादरना कन्फेशनमध्ये सांगितलं – आईशी खोटं बोलले. प्रायश्चित्त तीन ‘नमो मरिया’. सोपं सुटले, असं तेव्हा वाटलं. पुढच्या वर्षी ह्यूबर्ट भेटला. पहिल्या फिरण्यातच त्याने मला गालगुंडांची गोष्ट सांगितली. मी काय बोलणार होते? ‘अगंबाई, मी होते की त्या गाडीत’? मग तो विचारणार, कुणाबरोबर. पहिल्यांदा गप्प बसले, मग दुसऱ्यांदा बसावं लागलं, आणि मग तर अडतीस वर्षं झाली.

२७ जुलै, मंगळवार

इंजिन लंगडतंय. दोन दिवस ह्यूबर्ट कुणाशी बोलत नाही. नवी चाकं बसवताना एका बाजूचा दांडा दुसऱ्या बाजूच्या बरोबर पाव फेरा पुढे असावा लागतो. केसभर चुकलं की गाडी अडखळते. तो भिंग लावून बघत होता. मी जिना झाडत होते. चौथ्यांदा झाडत होते, पाय एका जागी ठरत नाहीत हल्ली. तिथूनच म्हणाले, मधली जोडी बघ. मधलीच निघाली! तुला कसं कळलं, म्हणाला. म्हटलं, पाच वर्षं शाळेला गेले या इंजिनामागे बसून, त्याचा आवाज पाढ्यांसारखा पाठ आहे.

तो इतका खूश झाला की मला माझीच चीड आली.

१ ऑगस्ट

चर्चमध्ये मिसा ऐकताना डोक्यात फक्त डबे.

५ ऑगस्ट, गुरुवार

थ्रेलफॉल पुन्हा. आता नवीनच. थॉर्नबेकच्या जुन्या हमालाचा पुतण्या म्हणतो, काका सांगायचे शेवटी तीन डबे होते. थ्रेलफॉलने त्याला विचारलं, काका कुठे आहेत? काका वारले. मग ती ऐकीव गोष्ट. वहीत घेता येत नाही. पण ह्यूबर्टचा चेहरा उतरला. थ्रेलफॉल गेल्यावर तो म्हणाला, तीन असतील तर माझी गाडी खोटी आहे, विने. मग निदान ‘हुबेहूब’ हा शब्द तरी पाटीवरून काढायला हवा.

सबंध संध्याकाळ पत्रं लिहीत बसला. गार्डच्या मुलीला, स्टेशनमास्तरच्या सुनेला. मग मान वर करून मला विचारलं, “तुमच्या कॉन्व्हेंटची कुणी मुलगी होती का गं त्या गाडीला?”

म्हटलं, मला नाही आठवत.

आजवर मी नुसती गप्प होते. खोटं आज बोलले.

१२ ऑगस्ट, गुरुवार

एकही पत्र कामाचं आलं नाही. गार्डची मुलगी लिहिते, बाबा त्या दिवसाबद्दल कधी बोललेच नाहीत. ह्यूबर्टने दोन्ही डबे पुरे केले. प्लास्टिकचे दांडे खरवडून तिथे पितळेची तार, खिडक्यांना नव्या काचा, हत्तीच्या सोंडेऐवजी तीन कड्यांची साखळी. इंजिनाच्या कोळशाच्या खणात खरा कोळसा, आमच्याच बादलीतला, हातोडीने कुटून. फार देखणी झाली आहे. तो बघतो आणि उसासा टाकतो.

मला घरात बसवत नाही. आज दोनदा पोस्टापर्यंत जाऊन आले. पाठवायचं काहीच नव्हतं.

१५ ऑगस्ट, रविवार

मारियामातेचा सण. चर्चच्या आवारात जत्रा. क्लबच्या टेबलाखाली मोडक्यातोडक्याची पेटी होती. केकचं टेबल सोडून मी ती उपसत बसले. तळाशी सापडला. आठ कप्प्यांचा, प्रत्येकाला दार, छपराला तडा. तयार गाडीतलाच, कुणीतरी टाकून दिलेला. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, नातवाला का? मी हो म्हटलं. आम्हाला नातू नाही. खोटं बोलायची सवयच लागतेय.

पिशवीत घालून, वर कोबी ठेवून घरी आणला.

१७ ऑगस्ट

ह्यूबर्ट मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी हिरवळीवर बोल्स, ते गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला जातो. तेवढ्या वेळात माळ्यावरच्या खोलीत मी. त्याच्याकडची उरलेली चाकं घातली, आनंदाने खाली नेऊन त्याच्या रुळांवर ठेवला – डबा दोन रुळांच्या मधे धप्पकन पडला! तयार गाडीच्या मापानेच घातली होती मी. पाच आठवडे हा माणूस दोन मिलिमीटर, दोन मिलिमीटर करतोय आणि मी ऐकलंच नव्हतं. पुन्हा काढली. आता बसली.

१९ ऑगस्ट

तार तापवताना बोट भाजलं. ह्यूबर्टला सांगितलं, इस्त्री. दारांचे प्लास्टिकचे दांडे खरवडायला दोन तास, बत्तीस भोकं पाडायला तीन. दोन वाकडी गेली. मदर इग्नेशिया असत्या तर उसवायला लावलं असतं. उसवलं.

२४ ऑगस्ट, मंगळवार

मरून रंग दिला आणि बघते तर नवा कोरा. तसा नव्हता तो. वर्षभर यार्डात उभा होता, काचांवर धूळ, दारावर मुलांनी खडूने काहीबाही लिहिलेलं. चुलीतली काजळी आणि पावडर मिसळून बोटानेच फासली. मग छप्पर उघडून चौथ्या कप्प्यात खिडकीचा चामडी पट्टा लावला. जुन्या हातमोज्याची कड कापून. तो पट्टा सोडला की खिडकी खाली यायची, ओढला की वर येऊन बंद व्हायची. छप्पर लागल्यावर कुणालाही दिसणार नाही.

लावताना त्या कप्प्याचा वास आला. खरंच आला. ओली लोकर, धूर आणि संत्र्याची साल. फिंटन संत्रं सोलत होता.

हिरवा रंग उघडला.

२६ ऑगस्ट, गुरुवार

आज तो खेळून आला तेव्हा टेबलावर गाडी उभी होती आणि मागे माझा डबा जोडलेला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात. हात एप्रनमध्ये घातले.

त्याने चष्मा बदलला. वाकला. मग म्हणाला, चाकं कुणी बसवली? मी म्हटलं, मी. चांगली बसवलीस, म्हणाला. आणि मग:

“पण विने, पुरावा नाही ना.”

“आहे. मी बसले होते त्यात.”

मग सगळं सांगितलं. कोट, मौनाचा बहाणा, फिंटन, मॉन्ट्रियल. जंक्शनला उतरून परत फिरले तेही. किती वेळ लागला? पाच मिनिटंसुद्धा नाही. एवढीच होती ती गोष्ट, पाच मिनिटांची.

मला वाटलं होतं, तो त्या मुलाचं विचारेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, “शेवटची गाडी. तू शेवटच्या गाडीत होतीस. आणि मी अडतीस वर्षं तुला गालगुंडांची गोष्ट सांगतोय.”

मागच्या दाराने बागेत गेला. घेवड्याच्या शेंगा तोडत राहिला. कोवळ्यासुद्धा तोडल्या.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

बोलत नाही. मीठ मागितलं फक्त.

२८ ऑगस्ट

शेंगा. काल शेंगा, आज शेंगा. त्याने वेगळ्या खोलीत अंथरूण घातलं नाही, एवढं आहे. पण भिंतीकडे तोंड.

मी का सांगितलं? गाडीसाठी? गाडी काय, दोन डब्यांनीही पळाली असती.

३० ऑगस्ट, सोमवार

सकाळी खाली आले तर डब्याचं छप्पर उघडं. तो भिंगातून चौथ्या कप्प्यात बघत होता. पट्टा दिसला होता त्याला. वळलाही नाही, म्हणाला, “कुठल्या बाजूला बसली होतीस?”

इंजिनाकडे पाठ करून, खिडकीशी, म्हटलं. त्याने चिमटा मागितला. मी हिरव्या कोटातली ती एवढीशी मुलगी दिली, त्याने श्वास रोखून तिला बसवली. मग हात पुढे केला – आणि तो? मी तोही रंगवला होता. तांबूस केस, टोपी नाही. माझ्याच खिशात होता. दिला. ह्यूबर्टने त्याला उजेडात धरून नीट पाहिलं. “समोर बसला होता ना? शेजारी नव्हता ना?” समोर, म्हटलं. “मग ठीक. गुडघे लागत नाहीत. मोजलंय मी.”

मी हसले. तो हसला नाही, पण डिंक पुसायला फडकं मलाच मागितलं.

दुपारी दोघांनी मिळून छप्पर बसवलं.

२ सप्टेंबर, गुरुवार

थ्रेलफॉल वही घेऊन आला. पेन माझ्या हातात. नाव: विनिफ्रेड क्रॉस्टन, माहेरची रिम्मर. कुठे होतात: तिसरा डबा, चौथा कप्पा. काय पाहिलंत: ते सगळं लिहिलं. मधला रकाना कोराच राहिला – कशासाठी होतात. थ्रेलफॉलने बोट ठेवलं. रिकामा रकाना त्याला सहन होत नाही. मी ह्यूबर्टकडे पाहिलं. तो बूट पुसत होता, मान खाली घालूनच म्हणाला, “लिही की. सहल.”

लिहिलं. थ्रेलफॉलने शाई टिपली आणि माझ्याशी हात मिळवला. चाळीस वर्षांत एवढा पक्का साक्षीदार मिळाला नाही म्हणाला.

४ सप्टेंबर, शनिवार

आली! वळणावरून आली, तीन डब्यांची, लंगडली नाही, घसरली नाही. हॉल भरला होता. आमच्या वयाच्या बायका काचेला नाक लावून बघत होत्या. एक म्हणाली, होय होय, मागचा तो घाणेरडा डबा! आई बसू देईना आम्हाला त्यात. थ्रेलफॉलने तिलाही तिथेच वहीपुढे बसवलं.

ह्यूबर्ट दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होता, माझी बायको त्या गाडीत होती. गालगुंडांचा शब्द नाही. एवढा ताठ उभा मी त्याला लग्नानंतर पाहिला नाही.

सगळं आवरताना हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. तो डबे मऊ कागदात गुंडाळत होता. हळूच म्हणाला, “गाडी बघायला मिळाली असती तर बरंच झालं असतं. पण खरं सांगू? तू जंक्शनला उतरून परत फिरलीस ना, ते बघायला आवडलं असतं मला. एकोणीस वर्षांची पोर, हातात बोटीचं तिकीट, आणि म्हणते नाही.”

मी कागद चुरगाळत राहिले.

घरी आल्यापासून बसवत नाही. टेबल रिकामं झालंय, हवं तिथे बसता येईल. बसवत नाही.

५ सप्टेंबर, रविवार

मिसेनंतर नाश्त्याला सांगितलं. मी परत फिरले नव्हते. या वहीतही खोटंच लिहिलं होतं. जंक्शनला फिंटन म्हणाला, चहा आणतो, इथेच थांब. मी सामानापाशी थांबले. लिव्हरपूलची गाडी सुटली तेव्हा तो तिच्या खिडकीत होता. त्याने मला पाहिलं, आणि पट्टा ओढून खिडकी बंद केली. सकाळच्या बसपर्यंत मी वेटिंग रूममध्ये बसून होते.

ह्यूबर्ट टोस्टला लोणी लावत होता. लावणं थांबलं. मला वाटलं, आता मात्र गेलं.

“मग त्या रात्री जेवलीस कुठे?” त्याने विचारलं.

जेवले नव्हते.